प्रकरण सातवे : सणाचा बाजार आणि इंग्रजीचा वर्ग

१. वाचता येते, मग बोलता का येत नाही?

इंग्रजी शिकविणाऱ्या मास्तरांस पालकांकडून हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, आमच्या मुलीने बारावीस इंग्रजीत उत्तम गुण मिळविले, वर्तमानपत्र ती सहज वाचते, कचेरीतला पत्रव्यवहारही बिनचूक करते. मग चारचौघांत एखाद्या विषयावर वाद निघाला म्हणजे ‘आय अ‍ॅग्री’ आणि ‘आय डोन्ट अ‍ॅग्री’ यांपलीकडे तिच्या तोंडून वाक्य का निघत नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु त्यावर सर्रास सुचविला जाणारा उपाय, म्हणजे रोज दहा नवे शब्द पाठ करण्याचा, तो मात्र रोगाशी जुळत नाही. कारण अशा विद्यार्थिनीपाशी शब्दांचा साठा पुरेसा असतो, आणि कित्येकदा तो तिच्या शिक्षकाच्या कल्पनेहून मोठाही असतो.

युरोप परिषदेने २००१ साली परभाषेच्या ज्ञानाच्या ज्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या आणि ज्या आज अनेक देशांत प्रमाण म्हणून स्वीकारल्या गेल्या आहेत, त्यांपैकी चौथ्या पायरीपर्यंत आपला सुशिक्षित तरुण बहुधा स्वतःच्या मेहनतीने पोहोचतो. तेथे त्याला एखाद्या प्रश्नावर मत देता येते आणि त्या मताचे फायदे-तोटे सांगता येतात. पाचव्या पायरीवर अपेक्षा निराळी होते. आपले मत किती ठाम आहे, ते कोठवर खरे मानावे, प्रतिपक्षाचे कोणते म्हणणे आपणांस मान्य आहे आणि नेमके कोठून आपण वेगळे होतो, हे सर्व एका ओघात, समोरच्याचा मान राखून आणि शब्दासाठी न अडखळता सांगता आले पाहिजे. चौथी आणि पाचवी यांमधले हे अंतर वाचनाने कमी होत नाही, याची कारणमीमांसा कॅनडातील भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ साली केली. तेथील काही शाळांत इंग्रजी घरांतील मुलांना सर्व विषय फ्रेंच भाषेतून शिकविले जात. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून त्या मुलांची समज जवळजवळ फ्रेंच मुलांइतकी झाली, परंतु बोलण्या-लिहिण्यातले व्याकरण मागेच राहिले. ऐकणाऱ्याचे काम अर्थ कळला की संपते. बोलणाऱ्याला मात्र क्रियापदाचा काळ, शब्दांचा क्रम, दोन वाक्यांमधला सांधा हे सारे स्वतः जुळवावे लागते, आणि ते जुळविण्याची निकड निर्माण झाल्याखेरीज त्याची नजर आपल्या उणिवांकडे वळत नाही, असा स्वेन यांच्या विवेचनाचा आशय होता.

तेव्हा प्रगत विद्यार्थ्यास हवा असतो तो असा विषय, की ज्यावर त्याचे स्वतःचे काही म्हणणे आहे, ज्याची माहिती त्याने पुस्तकातून उसनी घेतलेली नाही, आणि जो वर्गातील दोन शहाण्या माणसांना प्रामाणिकपणे परस्परविरुद्ध बाजूंना उभे करू शकतो. सणासुदीची खरेदी हा तसा विषय आहे.

२. विषय बाजाराचाच का?

दाखला म्हणून गाझियाबाद घेऊ. दिल्लीच्या पूर्वेस हिंडन नदीकाठचे हे नगर १७४० साली वजीर गाजीउद्दीन याने वसविले आणि त्यास आपले नाव देऊन गाजीउद्दीननगर म्हणविले. मराठी वाचकास हा पुरुष अगदीच परका नाही. निजामुल्मुल्काचा हा पुत्र दक्षिणेच्या सुभेदारीवर हक्क सांगण्यासाठी आला आणि १७५२ साली औरंगाबादेस निवर्तला. नगर वसविताना त्याने कमानदार अशा १२० खोल्यांची एक विस्तीर्ण सराई बांधली, म्हणजे या गावाचा जन्मच येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मुक्कामासाठी झाला. १८६४ साली रेल्वे आली, लांबलचक नाव आखूड होऊन गाझियाबाद झाले. जुन्या तटाच्या चार दरवाजांपैकी शाही दरवाजास पुढे बाजार दरवाजा म्हणू लागले आणि स्वातंत्र्यानंतर तो जवाहर गेट झाला. १९७६ साली मेरठपासून विभक्त होऊन स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर आणि विशेषतः २०११ साली दिल्लीची मेट्रो वैशालीपर्यंत आल्यानंतर, येथील तरुण नोकरीसाठी रोज दिल्लीस वा नोएडास जाऊ लागला, आणि तेथील कचेऱ्यांतील बैठकांत त्याला जी इंग्रजी लागते तीच नेमकी ही पाचव्या पायरीची इंग्रजी होय.

आता या तरुणाच्या घरी दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात काय घडते ते पाहावे. तुराबनगरच्या गल्लीत कापडाच्या दुकानांपुढे उभे राहण्यास जागा नसते. घंटाघराच्या बाजूस खील-बताशांचे ढीग, मातीचे दिवे आणि लक्ष्मी-गणेशाच्या मूर्ती रस्त्यापर्यंत आलेल्या असतात. धनतेरसेच्या दिवशी भांडे घेणारी बाई पितळेचा लोटा उचलून आधी हातावर तोलते, मग बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारून नाद ऐकते, बुडाकडचा सांधा उजेडात धरून पाहते, आणि मगच ‘भैया, ठीक ठीक लगाओ’ म्हणून भावाला तोंड फोडते. दुकानदार ‘बहनजी, बोहनी का टाइम है’ असे उत्तर देतो, आणि या दोघांच्या जाबसालात आवर्जून सांगणे, नाकारणे, सवलत देणे, माघार घेणे, अटी घालणे हे भाषेचे सगळे व्यापार पाच मिनिटांत उरकतात. हीच बाई परतताना एक झाडू घेते, कारण धनतेरसेला झाडू विकत घ्यावा असा तिकडचा रिवाज आहे. हिंडनच्या हवाई दलाच्या तळावर किंवा भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात बदलीने आलेल्या मराठी कुटुंबातील मुलगा वर्गात असेल, तर तो सांगेल की आमच्याकडेही केरसुणी घेतात, पण ती लक्ष्मीपूजनाला, आणि हळदकुंकू वाहून तिची पूजा करतात. शिवाय आम्ही ज्याला आश्विन वद्य त्रयोदशी म्हणतो तिलाच तुम्ही कार्तिक कृष्ण त्रयोदशी म्हणता, कारण तुमचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आमचा अमावास्येला. एवढे वाक्य इंग्रजीत नीट सांगणे हा सोपा अभ्यास नव्हे, आणि तरीही तो मुलगा ते सांगण्याचा आटापिटा करील, कारण ऐकणाऱ्यास ते खरोखरच ठाऊक नाही.

परदेशातून छापून येणाऱ्या पाठ्यपुस्तकांत सणाची खरेदी म्हणजे नाताळची खरेदी असते. ती पुस्तके टाकून द्यावीत असे माझे म्हणणे नाही, परंतु त्यांनी आरंभ करणे चूक आहे. जो सण आपण पाळत नाही त्याच्या खर्चाविषयी कोणालाही तळमळ असत नाही, आणि तळमळ नसली की विद्यार्थी पुस्तकातलीच वाक्ये परत करतो. आधी स्वतःचा बाजार बोलून झाला, मग दूरचा दाखला आणावा, म्हणजे तो मोलाचा ठरतो. उदाहरणार्थ, १९३९ साली अमेरिकेत नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारी येणारा थँक्सगिव्हिंगचा सण ३० तारखेस पडत होता. नाताळच्या खरेदीस दिवस कमी उरतील अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती, म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो सण एक आठवडा अलीकडे ओढला. काही राज्यांनी हुकूम मानला, काहींनी मानला नाही, एकाच देशात दोन तारखांना सण झाला, आणि शेवटी १९४१ साली कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरविला गेला. व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी सणाची तारीख बदलावी काय, हा प्रश्न गाझियाबादच्या वर्गात टाकला, तर ज्या वर्गात पाच मिनिटांपूर्वी पंचांगाविषयी बोलणे झाले आहे तो गप्प बसणार नाही.

आणि काय विकत घ्यावे हा वाद आपल्याकडे परका आहे असेही नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीच्या पोशाखात गेले होते. १९०५ च्या दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, ती सणाच्या खरेदीलाच दिलेले आव्हान होती.

३. बंगळूरचा प्रयोग

विषय चांगला मिळाला म्हणजे चर्चा आपोआप होते, हा मोठा भ्रम आहे. ‘कन्झ्युमरिझम’ हा शब्द फळ्यावर लिहून ‘बोला’ म्हटले, तर दोन धीट मुले बोलतात आणि बाकीची वहीत मान घालतात. चर्चेला कारण लागते. हे कारण कसे घडवावे, याचा सर्वांत विचारपूर्ण प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील काही शाळांत इंग्रजीचे वर्ग असे चालविले, की त्यांत व्याकरणाचा पाठ म्हणून नसेच. आगगाडीचे वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशी कामे मुलांपुढे ठेवली जात आणि काम पुरे करण्याच्या खटपटीत भाषा आत्मसात होत असे. बंगळूरचा प्रकल्प या नावाने तो जगभर गाजला, आणि १९८७ साली प्रभूंनी त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांनी कामांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात एकापाशी असलेली माहिती दुसऱ्यापाशी नसते, म्हणून ती पोहोचवावी लागते; दुसऱ्यात माहिती सर्वांपाशी असते परंतु तिच्यातून निष्कर्ष काढायचा असतो; तिसऱ्यात निष्कर्ष एकच नसतो, प्रत्येकाला आपली आवड, भावना किंवा भूमिका सांगावी लागते.

प्रभूंचे विद्यार्थी प्राथमिक अवस्थेतले होते, आणि त्यांचा स्वतःचा कल दुसऱ्या प्रकाराकडे अधिक होता, कारण तर्काच्या कामात मूल गुंतून राहते. प्रगत वर्गासाठी मला असे वाटते की तिन्ही प्रकार याच क्रमाने, एकावर एक रचून, घ्यावेत. तिसरा प्रकार आधी घेतला तर पोकळ मतांचा पाऊस पडतो.

एक उदाहरण करून पाहू. तीन विद्यार्थ्यांच्या हाती तीन चिठ्ठ्या द्याव्यात आणि एकमेकांची चिठ्ठी पाहण्यास मुभा नसावी. तिघांनाही एकच सुती कुर्ता घ्यायचा आहे. पहिल्या चिठ्ठीत मॉलमधली पाटी आहे : छापील किंमत २,००० रुपये, ५० टक्के सूट, आणि त्यावर आणखी २० टक्के. दुसरीत तुराबनगरचा दुकानदार आहे : तो १,१०० सांगतो, घासाघीस केली तर ८५० पर्यंत उतरतो, आणि सण झाल्यावर बदलून देण्यास तयार आहे. तिसरीत मोबाइलवरची खरेदी आहे : किंमत ६९९, पुढच्या पानावर घरपोच आणण्याचे ६०, त्यापुढे हाताळणीचे २९, आणि भेटीच्या वेष्टनाचे ४९, ज्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली आहे. आता सर्वांत स्वस्त कोणता?

पहिला विद्यार्थी बहुधा सत्तर टक्के सूट आहे असे सांगून ६०० रुपयांवर येतो. त्याचा साथीदार त्याला थांबवितो : ५० टक्के वजा जाता १,००० उरले, पुढचे २० टक्के या हजारातून जायचे, म्हणजे २०० गेले आणि ८०० राहिले, एकूण सूट ६० टक्केच झाली. तिसऱ्याची बेरीज ८३७ भरते, पण वेष्टनाची खूण काढून टाकली तर ७८८. म्हणजे ती खूण दिसली की नाही यावर स्वस्त कोणता हे ठरते. आणि बदलून देण्याच्या वचनाची किंमत काय धरायची, हा प्रश्न तर आकड्यात बसतच नाही. एवढ्या कामात ‘इफ’, ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड दॅट’, ‘वन्स यू अ‍ॅड’ अशा जोडशब्दांनी बांधलेली वाक्ये विद्यार्थ्यांच्या तोंडून निघतात, ती कोणी शिकविली म्हणून निघत नाहीत, हिशेब त्यांच्यावाचून सांगता येत नाही म्हणून निघतात.

४. वाक्य तोलणे

आता मताकडे येऊ. गाझियाबादच्याच काय, कोणत्याही वर्गात या विषयावर पहिले वाक्य बहुधा हेच येते : ‘पीपल वेस्ट मनी इन दिवाली.’ व्याकरणदृष्ट्या त्यात फारसे वावगे नाही, परंतु पाचव्या पायरीवर ते टिकत नाही. शिक्षकाने चूक दाखविण्याऐवजी केवळ प्रश्न विचारावेत. कोणते लोक? विद्यार्थी म्हणतो, आमच्या वसाहतीतली बरीच कुटुंबे. मग ‘पीपल’च्या जागी ‘अ गुड मेनी फॅमिलीज इन अवर कॉलनी’ येते. तुला हे कसे कळले? तो म्हणतो, दिसते तसे. मग क्रियापदाआधी ‘सीम टू’ येते. कशाच्या तुलनेत जास्त? ठरविले होते त्यापेक्षा. मग ‘मोअर दॅन दे हॅड प्लॅन्ड टू’ येते आणि काळाचा एक अवघड प्रकार विनासायास वापरला जातो. त्या कुटुंबांना तो अपव्यय वाटतो काय? येथे विद्यार्थी थांबतो, विचार करतो, आणि म्हणतो की नाही, त्यांना वाटत नाही. वाक्य पुरे होते : ‘अ गुड मेनी फॅमिलीज इन अवर कॉलनी सीम टू स्पेंड मोअर अ‍ॅट दिवाली दॅन दे हॅड प्लॅन्ड टू, दो फ्यू ऑफ देम वुड कॉल इट वेस्ट.’

पहिल्या वाक्यापेक्षा हे वाक्य लांब आहे म्हणून ते चांगले, असे कोणी समजू नये. ते चांगले आहे कारण ते अधिक खरे आहे. ‘सीम’, ‘टेंड’, ‘फ्यू’, ‘पार्टली’, ‘मे वेल’ हे बारीकसारीक शब्द तराजूच्या पासंगासारखे असतात. वजनाने नगण्य, परंतु पारडी समतोल करण्यास तेच लागतात, आणि ते नसले तर उत्तम जिन्नसही खोटा तोलला जातो. आपल्या विद्यार्थ्यांस हे शब्द माहीत असतात. ते वापरण्याची गरज त्यांना शाळेत कधी पडलेली नसते, कारण शाळेतल्या निबंधात विषयाची एकच बाजू घेऊन ती जोराने मांडण्यास गुण मिळतात.

याला जोडून एक नियम वर्गात कडकपणे पाळावा. दुसऱ्याच्या मताला उत्तर देण्याआधी त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत असे सांगावे की तो ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे कबूल करील. मगच ‘आय टेक युअर पॉइंट अबाउट’ म्हणून आपली हरकत घ्यावी. या नियमाने चर्चेची गती मंदावते हे खरे, पण कान उघडे राहतात. आणि जो ऐकत नाही त्याला पाचवी पायरी कधीच गाठता येत नाही.

५. भेटीचा हिशेब

या विषयातील माझ्या मते सर्वांत फलदायी वाद भेटवस्तूंचा आहे. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतील एका विद्वन्मान्य नियतकालिकात नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. भेट देणाऱ्याने वस्तूला मोजलेली किंमत आणि घेणाऱ्याच्या लेखी त्या वस्तूचे असलेले मोल यांची विद्यार्थ्यांकडून चौकशी करून त्याने असे अनुमान काढले, की भेटीच्या किमतीपैकी एक-दशांशापासून एक-तृतीयांशापर्यंतचा भाग केवळ हवेत जातो. आणि दूरच्या नातलगांच्या भेटीत हे नुकसान अधिक, जवळच्या मित्राच्या भेटीत कमी. हिशेब साधा आहे. दिवाळीला ४०० रुपयांचा मिठाईचा डबा आला. घेणाऱ्याच्या घरी मिठाई आधीच पुष्कळ आहे, त्याला विचारले तर तो या डब्यासाठी २५० हून अधिक देणार नाही. १५० रुपये कोणाच्याच पदरात पडले नाहीत. गाझियाबादच्या सोसायट्यांत सोनपापडीचा न फोडलेला डबा एका दारातून दुसऱ्या दारात कसा फिरतो हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असल्यामुळे, हा सिद्धांत समजावून सांगण्यास वेळ लागत नाही.

मग रोख रक्कमच का देऊ नये? येथे उत्तर हिंदुस्थानातील रिवाज मोठा बोलका ठरतो, कारण तिकडे लग्नकार्यात रोख रक्कमच देतात, परंतु ५०० न देता ५०१, हजार न देता १,००१. आणि त्या लिफाफ्यावर वरचा एक रुपया नाण्याच्या रूपाने चिकटवलेलाच मिळतो. आपल्याकडच्या आहेराच्या पाकिटातही हा वरचा रुपया असतोच. वॉल्डफोगेलच्या गणितात त्या एका रुपयाला काही स्थान आहे काय, असा प्रश्न टाकावा आणि बाजूला व्हावे. कोणी म्हणेल, तो रुपया सांगतो की हा व्यवहार येथे संपलेला नाही; कोणी म्हणेल, ही निव्वळ रूढी आहे. वर्गात दुमत झाले की दोन्ही बाजूंना साहाय्यक सामग्री द्यावी. वॉल्डफोगेलच्या विरुद्ध सोल्निक आणि हेमेनवे या दोघांनी १९९६ साली अशीच चौकशी करून उलट निष्कर्ष काढला होता, की घेणाऱ्याच्या मनात भेटीचे मोल तिच्या किमतीहून जास्त असते. ओ. हेन्री याच्या १९०५ मधील प्रसिद्ध कथेत गरीब पत्नी आपले केस विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी आणते आणि नवरा तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या आणतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही भेटी शून्यवत, आणि तरी वाचकाला त्या व्यर्थ वाटत नाहीत. दुसऱ्या बाजूस थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ साली मांडलेला विचार द्यावा, की पुष्कळसा खर्च उपयोगासाठी नसतो, आपली ऐपत इतरांच्या नजरेस पडावी म्हणून असतो. या चार सामग्रींतून प्रत्येकाने किमान दोन वापरून बोलावे, आणि त्यांपैकी एक आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी असावी. या अटीनेच भाषेला ताण पडतो.

६. फिर्यादीचा मसुदा

बोलणे झाले की लिहिणे घ्यावे, आणि लिहिण्यासाठी या विषयात तयार क्षेत्र आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ सालचा. त्याला २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन आहे. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला, आणि त्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मोबाइल-संगणकावरील खरेदीतील फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून असे तेरा प्रकार नोंदविले. ‘फक्त एकच नग उरला’ अशी खोटी घाई लावणे. गिऱ्हाइकाने न मागता एखादी वस्तू वा सेवा त्याच्या टोपलीत सरकविणे. किंमत थोडीथोडी करून शेवटच्या पानावर पुरी उघड करणे. नकार द्यायचा तर ‘नको, मला माझ्या कुटुंबाच्या सुरक्षेची पर्वा नाही’ अशा थाटाचे वाक्य दाबावयास लावून त्याला शरमिंदा करणे. हा शेवटचा प्रकार भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा, कारण त्यात सारी करामत शब्दांच्या बांधणीचीच आहे. वर्गाने आपापल्या मोबाइलवर अशी वाक्ये शोधावीत आणि तीच निवड प्रामाणिक शब्दांत पुन्हा लिहून दाखवावी.

त्यानंतर प्रत्येकाने जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यावयाच्या एका काल्पनिक फिर्यादीचा मसुदा करावा : खरेदीची तारीख, पावतीचा तपशील, दोष कोणता, विक्रेत्यास केव्हा कळविले, त्याने काय जबाब दिला, आणि आपण मागतो ती दाद. राग एका शब्दानेही दिसू नये, आणि मागणी मात्र संदिग्ध राहू नये, ही कसोटी. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, जिचे सभासद आजही घरसामान सामूहिकपणे खरेदी करतात. म्हणजे ग्राहकाने नीट मांडलेले म्हणणे एकट्याचे राहत नाही, हा अनुभव मराठी माणसाच्या घरचा आहे, आणि गाझियाबादेतील मराठी विद्यार्थ्याने तो आपल्या सोबत्यांना इंग्रजीत सांगण्यासारखा आहे.

७. शिक्षकाची पथ्ये

या विषयात एक धोका आहे आणि तो भाषेचा नाही. वर्गात एखाद्याचे वडील तुराबनगरात दुकान चालवितात आणि वर्षाची निम्मी कमाई त्यांना या एका महिन्यात करायची असते. एखादी विद्यार्थिनी मालाच्या गोदामात पुडकी बांधून फी भरते. एखाद्याच्या घरी यंदा खरेदी झालेलीच नसते. शिक्षकाने ‘चंगळवाद वाईट’ असा निकाल आधीच मनाशी केला असेल, तर या तिघांचीही तोंडे बंद होतात आणि उरलेले त्याच्या मर्जीची वाक्ये बोलू लागतात. म्हणून शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे. तुमच्या घरी किती खर्च झाला, हा प्रश्न कधीही विचारू नये. हिशेब नेहमी काल्पनिक कुटुंबाचा मांडावा. दुकानदाराच्या मुलास मालकाची बाजू मांडण्याची संधी आवर्जून द्यावी, कारण भाडे, व्याज, न खपलेला माल आणि उधारी यांविषयी जे तो सांगेल ते वर्गातील कोणासच ठाऊक नसते, आणि प्रभूंनी सांगितलेली पहिल्या प्रकारची उणीव तेथे अस्सल स्वरूपात हजर असते.

गट तिघा-चौघांचे असावेत. पूर्वतयारीत हिंदी किंवा मराठी बोलण्यास मुभा द्यावी. विचार मातृभाषेत स्पष्ट झाला की इंग्रजीतला शोध अचूक होतो. बोलत असता चूक अडवू नये, टिपून ठेवावी, आणि शेवटच्या दहा मिनिटांत कोणाचे नाव न घेता फळ्यावर मांडावी. एका बैठकीत पाचांहून अधिक चुका घेऊ नयेत. परीक्षा घ्यायचीच असेल तर एकच पाहावे : महिन्यापूर्वी हा विद्यार्थी प्रतिपक्षाचे म्हणणे किती वाक्यांत सांगू शकत होता आणि आज किती वाक्यांत सांगू शकतो.

ज्या शिक्षकांना हा पाठ चालवून पाहायचा आहे त्यांनी तो नवरात्र संपताच सुरू करावा, म्हणजे धनत्रयोदशीपर्यंत चिठ्ठ्यांचे आणि भेटींचे काम होते, सणात विद्यार्थी प्रत्यक्ष बाजार पाहून येतात, आणि भाऊबीज झाल्यावर फिर्यादीचे मसुदे घेता येतात. मुले खरेदी करून परततील तेव्हा आधीच्या वर्गातली त्यांचीच वाक्ये त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांतील कोणती आता बदलावीशी वाटतात, एवढेच विचारा.